मास्कच्या काचेआडून मॉस्को

मॉस्कोच्या रस्त्यावर पाऊल टाकण्याआधी आर्त्योम तोंडावर गॅस मास्क चढवतो आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघतो. किती वाजले याच्याशी त्याला देणंघेणं नाही. मास्कला लावलेला फिल्टर अजून किती मिनिटं टिकेल, ते त्याला बघायचं असतं. ती मिनिटं सरत आली की श्वास जड होतो, धाप लागते, काचेवर आतून वाफ धरते. एखाद्या मोडक्या खोलीत किंवा एखाद्या मृताच्या झोळीत दुसरा फिल्टर सापडला तर पुढची वाट मोकळी. नाही सापडला तर ‘मेट्रो २०३३’ हा व्हिडिओ गेम तिथेच संपतो, आणि तो संपताना आसपास एकही शत्रू असण्याची गरज नसते.

हातात बंदूक घेऊन, पात्राच्याच डोळ्यांनी जग बघत खेळायच्या गेमना ‘फर्स्ट पर्सन शूटर’ म्हणतात. या प्रकारात पडद्याच्या कडा सहसा आकड्यांनी भरलेल्या असतात. जीव किती उरला, गोळ्या किती उरल्या, कोपऱ्यात नकाशा, वर दिशा दाखवणारा बाण. युक्रेनमधल्या कीव शहरात ‘फोर-ए गेम्स’ने घडवलेल्या आणि २०१० साली आलेल्या ‘मेट्रो २०३३’ने यातलं बरंच काही पुसून टाकलं आणि ती माहिती वस्तूंच्या अंगात नेऊन ठेवली. कुठे जायचं ते बघायला आर्त्योम एक वही उघडतो. अंधार असेल तर ती वाचायला लायटर पेटवावा लागतो. ‘बास्टर्ड’ नावाच्या गावठी बंदुकीची गोळ्यांची पट्टी आडवी सरकत जाते, तिच्याकडे बघितलं की किती गोळ्या उरल्या ते कळतं. विजेरी मंदावली की हातातल्या चार्जरचा दट्ट्या दाबून दाबून ती पुन्हा उजळावी लागते. ‘रेंजर’ मोडमध्ये तर पडद्यावर उरलेसुरले आकडेही नाहीसे होतात. या गेममधली मला सर्वांत थक्क करणारी गोष्ट हीच आहे. इथे जगण्याचा पै-पैचा हिशेब चालू असतो, पण तो कुणी मांडून दाखवत नाही. तो ऐकावा लागतो, चाचपावा लागतो, मान वाकवून बघावा लागतो.

कथा दिमित्री ग्लुखोव्स्की या रशियन लेखकाची. त्याने ही कादंबरी २००२ मध्ये स्वतःच्या संकेतस्थळावर फुकट वाचायला ठेवली. त्या पहिल्या रूपात नायक मरत होता. वाचकांना ते मान्य नव्हतं, म्हणून त्याने कथा पुढे नेली. २००५ मध्ये ती छापून आली. कथेत २०१३ साली अणुयुद्ध होतं, मॉस्को बेचिराख होतं, आणि भुयारी रेल्वेत पोहोचू शकलेली माणसं तिथेच राहतात. वीस वर्षांनी एकेक स्थानक म्हणजे एकेक छोटं राज्य झालेलं आहे. वर्तुळाकार मार्गावर व्यापाऱ्यांचा ‘हान्सा’ संघ, लाल मार्गावर कम्युनिस्ट, आणखी तीन स्थानकांवर नव्या नाझींचं ‘राइख’. लेनिन ग्रंथालयाभोवतीच्या चार स्थानकांचं मिळून ‘पोलिस’ हे नगर, जिथे अजून पुस्तकं जपली जातात. आर्त्योम उत्तरेकडच्या व्हेदेएनखा स्थानकात वाढलेला तरुण. तिथे ‘काळे’ नावाचे अनोळखी जीव हल्ले करू लागतात, आणि त्याचा इशारा घेऊन त्याला भुयारांतून पोलिसपर्यंत पोहोचायचं असतं.

यातली स्थानकं खरी आहेत, आणि भुयारात आसरा घेण्याची कल्पनाही हवेतली नाही. मॉस्को मेट्रो १५ मे १९३५ रोजी १३ स्थानकांसह सुरू झाली. १९४१ मध्ये जर्मन विमानं बॉम्ब टाकू लागली तेव्हा लोक रात्री तिथे झोपायला उतरत. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला, जर्मन फौजा शहराच्या वेशीकडे सरकत असताना, क्रांतीच्या वर्धापनदिनाची सभा मायाकोव्स्काया स्थानकातच भरली आणि स्टालिन तिथे बोलला. पुढे शीतयुद्धाच्या काळात अनेक स्थानकांना हवाबंद होणारे प्रचंड पोलादी दरवाजे बसवले गेले. गेममध्ये ते दरवाजे कुरकुरत उघडतात तेव्हा ती कलाकाराची लहर नसते. भुयारांची खोलीही काल्पनिक नाही: २००३ मध्ये उघडलेलं पार्क पोबेदी स्थानक ८४ मीटर खोल आहे.

एवढं खोल जाण्याचा फायदा साध्या गणितात दिसतो. दाबून बसलेल्या मातीचा सुमारे ९ सेंटीमीटरचा थर गॅमा किरणांची तीव्रता निम्मी करतो. पुढचे ९ सेंटीमीटर ती पुन्हा निम्मी करतात. असं निम्म्याचं निम्मं करत एक मीटरपर्यंत गेलं की हजारातला एक भागही उरत नाही. तिथून पुढचे मीटर मोजायची गरजच नाही.

मग वर जायला वीस वर्षांनीही मास्क का लागावा? इथे गेम विज्ञानापासून बराच दूर जातो, आणि ते अंतर समजून घेण्यासारखं आहे. अणुस्फोटानंतर जी किरणोत्सारी धूळ खाली बसते, तिचा जोर फार झपाट्याने उतरतो. ढोबळ नियम असा की वेळ सातपट झाली की तीव्रता एक दशांशावर येते. स्फोटानंतर तासाभराने जेवढी तीव्रता, तिचा दहावा भाग ७ तासांनी उरतो, शंभरावा ४९ तासांनी, आणि हजारावा साधारण दोन आठवड्यांनी. म्हणजे भूमिगत आसऱ्याची खरी किंमत पहिल्या पंधरवड्यात असते. वीस वर्षांनी मागे उरतात ते सीझियम-१३७ आणि स्ट्रॉन्शियम-९० यांसारखे चिवट पदार्थ, ज्यांचं अर्धायुष्य तीस वर्षांच्या आसपास असतं. ते मुख्यतः मातीत मुरलेले असतात आणि अन्नपाण्यातून अंगात शिरतात. तेव्हा २०३३ सालच्या मॉस्कोत खरा धोका श्वासापेक्षा घासात जास्त असता. भुयारात आळंबी वाढवून आणि डुकरं पाळून जगणारी व्हेदेएनखाची माणसं त्या दृष्टीने शहाणी आहेत.

मास्क आणि किरणोत्सार यांच्याबद्दल एक गैरसमज सार्वत्रिक आहे. मास्क गॅमा किरण अजिबात थांबवत नाही. तो किरणोत्सारी धूळ फुप्फुसात जाऊ देत नाही, एवढंच त्याचं काम. विषारी वायू मात्र फिल्टरमधला कोळसा पकडतो, आणि हा कोळसा म्हणजे खरंच एक आश्चर्य आहे. खास भाजून सच्छिद्र केलेल्या कोळशात इतकी सूक्ष्म भोकं असतात की एका ग्रॅमचा आतला पृष्ठभाग शेकडो चौरस मीटर भरतो. चिमूटभर काळ्या भुकटीत टेनिस कोर्टाहून मोठा पृष्ठभाग, आणि विषाचे रेणू त्यालाच चिकटून बसतात. पहिल्या महायुद्धात, १९१५ मध्ये, विषारी वायूंचे हल्ले सुरू झाल्यावर निकोलाय झेलिन्स्की या रशियन रसायनशास्त्रज्ञाने अशा कोळशाचा मास्क तयार केला. चिकटायला जागा संपली की फिल्टर संपला. खरा फिल्टर पुष्कळ जास्त वेळ चालतो, गेममधला काही मिनिटांत संपतो. शिवाय हवेत प्राणवायूच नसेल तर कोणताही फिल्टर तो निर्माण करू शकत नाही. तरीही ‘जागा भरत चालली आहे’ ही गोष्ट गेमने अचूक पकडली आहे. त्यामुळे वर असताना खेळणारा विनाकारण थांबत नाही, उगाच इकडेतिकडे बघत फिरत नाही. मार खाल्ला की काचेला तडा जातो. मग त्या तड्यातूनच शहर बघायचं, नवा मास्क मिळेपर्यंत.

या जगातलं चलन म्हणजे बंदुकीच्या गोळ्या, आणि त्यांत दोन जाती आहेत. एक युद्धापूर्वी कारखान्यात बनलेली, लष्करी दर्जाची. दुसरी भुयारात हाताने भरलेली, मळकट, कमी जोराची. चांगली गोळी म्हणजे पैसा. बंदुकीत मळकट गोळ्या संपल्या आणि समोरून काहीतरी झेपावत आलं तर चांगल्या गोळ्या झाडता येतात, त्यांचा मारही जबर बसतो. पण प्रत्येक चापासरशी खिसा रिकामा होत जातो. मी दुसऱ्या कुठल्याच गेममध्ये पैशाची झळ इतकी थेट अनुभवलेली नाही.

हे चलन पटण्याजोगं आहे का? १९४५ मध्ये आर. ए. रॅडफर्ड या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञाने जर्मनीतल्या युद्धकैद्यांच्या छावणीतल्या व्यवहारांवर एक प्रसिद्ध लेख लिहिला. तो स्वतः तिथे कैदी होता. छावणीत सिगारेट हेच चलन झालं होतं. सगळ्यांना हवी असलेली, मोजता येणारी, खिशात मावणारी आणि मर्यादित पुरवठ्याची वस्तू, गोळीही तशीच. फरक मात्र मजेदार आहे. छावणीत चांगली सिगारेट लोक ओढून टाकत आणि हिणकस सिगारेट चलनात फिरत राही. मेट्रोत उलट होतं. चांगली गोळी जपली जाते आणि हिणकस गोळी झाडली जाते. माझ्या मते याचं कारण असं की छावणीत दोन्ही सिगारेटींना एकच भाव मिळत होता, तर मेट्रोत दोन गोळ्यांचे भाव वेगळे आहेत आणि दुकानात एकीच्या बदल्यात दुसऱ्या घेता येतात. भाव एक ठेवला की हिणकस नाणं चांगल्याला बाजारातून हाकलतं, हा अर्थशास्त्राचा जुना नियम. भाव वेगळे ठेवले की चांगलं नाणं टिकतं. ही गोष्ट हा गेम एका शब्दाचं व्याख्यान न देता शिकवून जातो.

शस्त्रांचंही तसंच. ‘तिखार’ ही हवेच्या दाबावर पोलादी गोळ्या मारणारी बंदूक हाताने पंप करावी लागते. तिच्यावरची दाबमापकाची सुई प्रत्येक गोळीबरोबर खाली येते आणि मारा कमजोर होत जातो. हे कल्पनेतलं हत्यार वाटेल, पण अठराव्या शतकाच्या अखेरीस ऑस्ट्रियाच्या सैन्याने जिरांदोनी नावाची हवेची बंदूक खरोखर वापरली होती. न धूर, न ठिणगी. भुयारात बंदुकीची दारू दुर्मीळ झाली तर माणसं पुन्हा तिथेच जातील, हा तर्क पक्का आहे.

या सगळ्या गेममध्ये मला सर्वांत श्रेष्ठ वाटतो तो ग्रंथालयाचा भाग. वर, मॉस्कोच्या त्या भव्य ग्रंथालयाच्या पडक्या दालनांत ‘ग्रंथपाल’ राहतात. माणसाहून कितीतरी धिप्पाड, करड्या अंगाचे, लांब हातांचे जीव. त्यांच्यावर गोळ्या झाडणं म्हणजे सगळा साठा उधळणं. जगायचं असेल तर एकच उपाय. तो समोर आला की त्याच्या डोळ्यांत बघत उभं राहायचं, पाठ फिरवायची नाही, आणि तो जवळ येईल तसं तोंड त्याच्याकडेच ठेवून हळूहळू मागे सरकायचं. नजर हटली की तो झडप घालतो. ज्या प्रकारच्या खेळाचा सारा जीव गोळीबारात असतो, त्याने आपल्या सर्वांत भीतिदायक ठिकाणी खेळणाऱ्याला बंदूक न चालवता नुसतं बघायला लावावं, आणि तेही पुस्तकांच्या कपाटांमधल्या बोळांत! मास्कमधला श्वास, त्या जीवाचं घुरघुरणं, आणि काहीही न करण्याचं धैर्य. अजूनही तो भाग खेळताना माझे तळवे ओले होतात.

दुसरा एक छोटा भाग आहे, ज्याची चर्चा त्या मानाने कमी होते. उद्ध्वस्त स्थानकात आर्त्योमला साशा नावाचा लहान मुलगा सापडतो आणि तो त्याला पाठुंगळी घेतो. मुलाचं वजन नेमावर जाणवतं; बंदूक झुलते, वळायला वेळ लागतो. पण तोच मुलगा कोणत्या बाजूने काय येतंय ते ओरडून सांगतो. ओझं आणि मदत एकाच पाठीवर. शेवटी त्याची आई कृतज्ञतेने गोळ्या देऊ करते. त्या घ्यायच्या की नाही हे तुमच्यावर.

इथे या गेमचा सर्वांत खोल हिशेब सुरू होतो. भिकाऱ्याला एक गोळी दिली, स्थानकात कुणाचं बोलणं थांबून ऐकलं, आईने दिलेलं बक्षीस नाकारलं, की क्षणभर पडदा किंचित उजळतो आणि एक मंद आवाज येतो. गेम आतल्या आत काहीतरी नोंदवतो. किती नोंदलं, कशासाठी, हे शेवटपर्यंत कळत नाही. लाल आणि नाझी सैन्यांच्या मधल्या आघाडीवरून एकालाही न मारता, दिवे विझवत, कुजबुज ऐकत जाता येतं. ऐकताना कळतं की दोन्हीकडचे सैनिक थकलेले आहेत. ही शिल्लक पुरेशी असेल तर कथेच्या टोकाला आर्त्योमला एक निवड मिळते. नसेल तर ती निवड पुढे येतच नाही, आणि असा काही मार्ग होता याचा खेळणाऱ्याला पत्ताही लागत नाही. ती निवड काय, हे इथे सांगत नाही. बरेच गेम चांगलं-वाईट गुणपत्रिकेवर छापतात आणि मग खेळणारा गुणांसाठी चांगला वागतो. इथे चांगलं वागायला बक्षिसाचा आकडाच दाखवलेला नसतो, म्हणून ते वागणं खेळणाऱ्याचं स्वतःचं असतं.

दोषही आहेत, आणि ते झाकण्यात अर्थ नाही. मूळ २०१० च्या आवृत्तीत शत्रू कधी आंधळ्यासारखे वागतात तर कधी भिंतीपलीकडून हेरतात. शेवटच्या टप्प्यावर लष्करी तळघरात गोलाकार, फुटणाऱ्या जीवांशी जी झुंज आहे ती कंटाळवाणी आहे. कथेत स्त्रिया जवळजवळ नाहीतच. पुढचा ‘लास्ट लाइट’ (२०१३) हाताळायला अधिक सफाईदार, पण त्यातलं स्त्रियांचं चित्रण उथळ आहे. ‘एक्सोडस’ (२०१९) मध्ये आर्त्योम ‘अरोरा’ नावाच्या आगगाडीने भुयाराबाहेर पडतो. व्होल्गाचा काठ, आटलेला कॅस्पियन, तैगाचं जंगल. उघड्यावरचा प्रकाश त्यात अप्रतिम आहे. पण शिधा-गोळ्यांची ती दमकोंडी सैल होते, आणि ती परत येते ती नोव्होसिबिर्स्कच्या मृत भुयारांतच.

हा गेम कीवमध्ये जन्मला याचं मला नवल वाटत नाही. कीवच्या उत्तरेला सुमारे १०० किलोमीटरवर चेर्नोबिल आहे. २६ एप्रिल १९८६ नंतर त्या भागात किरणोत्सार मोजणाऱ्या यंत्राची टिकटिक ही कुणाच्या कल्पनेतली गोष्ट राहिली नाही. ‘फोर-ए’चे संस्थापक त्याआधी चेर्नोबिलवरच्याच ‘स्टॉकर’ या गेमवर काम करत होते. गेमच्या प्रकाशन कंपनीचे अध्यक्ष राहिलेल्या जेसन रुबिन यांनी २०१३ मध्ये लिहिलं की ही मंडळी खांद्याला खांदा लावून घडीच्या खुर्च्यांवर बसत होती आणि वीज जाणं नित्याचं होतं.

फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने हल्ला केला आणि कीवचे लोक रातोरात आपल्या मेट्रोत उतरले. फलाटांवर गाद्या, मुलं, कुत्री-मांजरी. तिथलं आर्सेनाल्ना स्थानक शंभर मीटरहून खोल, जगातल्या सर्वांत खोल स्थानकांपैकी एक. ज्यांनी भुयारातल्या जगण्याचा गेम केला त्यांचंच शहर भुयारात राहायला गेलं. ग्लुखोव्स्कीने या युद्धाचा जाहीर निषेध केला. २०२३ मध्ये मॉस्कोच्या न्यायालयाने त्याला गैरहजेरीत ८ वर्षांच्या कैदेची शिक्षा सुनावली. पुढच्या मेट्रोची कथा या युद्धाने बदलली, असं ‘फोर-ए’ने सांगितलं आहे.

खेळायचा असेल तर २०१४ ची ‘रिडक्स’ आवृत्ती घ्या आणि सुरुवातीला विचारतील तेव्हा ‘सर्व्हायव्हल’ निवडा, ‘स्पार्टन’ नको. गोळ्या भरपूर मिळाल्या तर या गेमचा प्राणच जातो. हेडफोन लावा, कारण अर्धी माहिती कानांनी मिळते. रेंजर मोड दुसऱ्या खेपेला. स्थानकांमध्ये घाई करू नका, लोकांचं बोलणं संपेपर्यंत उभे राहा. हिंसा आणि भीती दोन्ही जबर आहेत, तेव्हा घरातल्या मुलांच्या हाती हा देऊ नका. तो प्रौढांसाठीच आहे. आणि तिन्हींपैकी एकच खेळणार असाल तर पहिला खेळा. पुढचे दोन दिसायला देखणे आहेत, पण या मालिकेतला सर्वांत मोठा गेम अजूनही तोच आहे.